रेषेवरची न पुसलेली फक्की

"सर, एक सांगा," प्राचार्य म्हणाले. "आपली पोरं अकरा, त्यांचीही अकराच. मग त्यांना पास द्यायला माणूस मोकळा सापडतो, आपल्याला का सापडत नाही?"

आमच्याच मैदानावर सलग तिसरी फुटबॉल मॅच आम्ही आत्ताच हरलो होतो. तिन्हींत मिळून एकही गोल नाही. प्राचार्यांच्या टेबलावर माझी फाइल उघडी होती. सातारा जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यातलं कॉलेज, सत्तरचं दशक अर्धं उलटलेलं, आणि मी तिथला फिजिकल डायरेक्टर, प्रोबेशनवर. म्हणजे दोन वर्षं काम बघायचं, आणि मग माणूस ठेवायचा की नारळ द्यायचा ते ठरवायचं. माझी दोन वर्षं महिनाभरात संपत होती. वाईला माझं लग्न ठरलं होतं, आणि सासऱ्यांनी हो म्हटलं होतं ते 'नोकरी कायम होणार' एवढ्या एका वाक्यावर.

"आबासाहेबांचा निरोप आहे," प्राचार्य म्हणाले. आबासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे चेअरमन. "पुढची मॅच सांगलीच्या कॉलेजशी, इथंच. त्यातही असंच झालं तर फुटबॉल बंद. तुमचा निर्णयही त्याच दिवशी."

मोकळं होणं म्हणजे काय ते सांगतो. बॉल ज्याच्या पायात असतो त्याला पास द्यायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला समोरचा एक जण गोचिडासारखा चिकटलेला असतो. त्याला चकवून रिकाम्या जागेत पळाला तो मोकळा. हे काम मुख्यतः विंगरचं. विंगर दोघे असतात, एक डावी रेषा धरून पळतो, दुसरा उजवी. मैदान जेवढं रुंद वापरावं तेवढी जागा जास्त.

माझे दोन्ही विंगर वाऱ्यासारखे पळायचे. डावीकडचा तानाजी मेढ्याकडच्या डोंगरातला. उजवीकडचा संपत कॉलेजच्याच गावचा, घरातले दोन चुलते मिलिटरीतून रिटायर होऊन आलेले. प्रॅक्टिसला दोघं रेषेवरून सुसाट सुटायचे. मॅच सुरू झाली की मात्र मधे येऊन गर्दी करायचे. पास देणारा आमचा दिलीप वैतागून म्हणायचा, "सर, बॉल देऊ कुणाला? दोघंबी माझ्या काखेत येऊन उभी ऱ्हात्यात."

मी सगळे उपाय केले. बूट बदलले. मॅचच्या दिवशी भाकरी कमी करायला लावली. एका रिटायर्ड सुभेदारांना आणून पळवलं, तेव्हा पोरं मोकळी झाली नाहीत, पण एका ओळीत सुंदर पळायला लागली. गंमत म्हणजे मधल्या एका आठवड्यात माधवनगरला, गिरण्यांच्या मागच्या माळावर, एक साधी मॅच खेळलो आणि याच पोरांनी चार गोल केले. तिथं बघायला दोन शेळ्या होत्या.

प्राचार्यांच्या ऑफिसातून निघालो तो डोकं धरून मैदानावर गेलो. मैदानावर रेषा आखायला पांढरी भुकटी टाकतात, तिला आम्ही फक्की म्हणतो. मॅचनंतर दोन्ही बाजूंच्या रेषा पायांनी विसकटलेल्या असायला हव्यात. इथं दोन्ही रेषा सकाळी आखल्या तशाच होत्या. मी मान वर केली. डावीकडं मांडवातल्या संस्थेच्या खुर्च्या, उजवीकडं गावकऱ्यांची बाकं. दोन्ही आपापल्या रेषेपासून हातभर अंतरावर.

तानाजी अजून बुटांच्या नाड्या सोडत बसला होता.

"तान्या, रेषेवरनं का पळत नाहीस रं?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, तितं आबासाहेब च्या पीत बसल्यात. त्यांच्या म्होरनं पळायचं कसं? समदा धुरळा कपात."

"आणि हाफटाइमनंतर? बाजू बदलल्यावर?"

"तवा संपतचं चुलतं असत्यात की."

मला हसू आलं आणि रागही आला. दोन वर्षं मी समोरच्या संघाच्या बचावाचा अभ्यास करत होतो, आणि आमच्या विंगरना आमचेच वडीलधारे अडवत होते, तेही खुर्चीवरून न उठता.

खुर्च्या हलवा, हे चेअरमनना सांगणार कोण? प्राचार्य म्हणाले, "कल्पना तुमची आहे." मी गेलो. आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"म्हंजे पोरं आमचा मान राखत्यात म्हणा की. मग आमी कुटं बसायचं?"

मी घाईत म्हणालो, "गोलच्या मागं, साहेब. तिथनं गोल समोर दिसेल."

ही चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही.

सांगलीच्या मॅचला एका गोलमागं संस्था बसली, दुसऱ्यामागं गाव. जाळ्या होत्या, पण वासरू आरपार जाईल अशा फाटलेल्या. शिट्टी झाली आणि तानाजी डावीकडून जो सुटला, तो सांगलीच्या पोरांना दिसलाच नाही. फक्कीचा धुरळा उडाला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. बॉल मधे आला. आमचा सेंटर फॉरवर्ड गोलसमोर एकटा. त्यानं पाय उचलला, मान वर केली, समोर आबासाहेब दिसले. त्यानं बॉल हलकेच गोलकीपरच्या हातात नेऊन दिला.

हे सात-आठ वेळा झालं. मी रेषेबाहेरून ओरडत होतो, "मार, मार." हाफटाइमनंतर संस्थेऐवजी गाव समोर आलं. संपतनं तर मोकळ्या गोलसमोर बॉल थांबवला आणि चुलत्यांकडं बघून बाहेर घातला.

आता संस्थेच्या पुढ्यातला गोल आमचा होता. सांगलीच्या पोरांचं आबासाहेबांशी काही नातं नव्हतं. त्यांनी शेवटच्या पाच मिनिटांत तडाखा हाणला. बॉल जाळीतून आरपार, थेट चहाच्या ट्रेवर. आबासाहेबांच्या पांढऱ्या धोतरावर चहाचा मोठा डाग पडला.

एक-शून्य. मी मनातल्या मनात वाईला पत्र लिहायला घेतलं.

आबासाहेबांनी मला बोलावलं. धोतर झटकत म्हणाले, "सर, हरलो."

"होय साहेब."

"पर आपल्या पोरांनी एकदाबी आमच्या अंगावर बॉल मारला न्हाई. त्या सांगलीच्या पोरांना काय वळण हाय का? शिस्त लावावी तर तुमच्यावानी." मग प्राचार्यांकडं वळून म्हणाले, "ह्यांची ऑर्डर उद्याच काढा."

मी पुढं तीस वर्षं त्या कॉलेजात नोकरी केली. जो दोष काढायला मी दोन वर्षं झटलो, त्याच दोषानं मला कायम केलं. फुटबॉलही चालू राहिला. होम ग्राउंडवर आम्ही क्वचितच गोल केला.

तरी नव्या कोचला मी एक गोष्ट सांगतो. विंगर मोकळा होत नसेल तर त्याच्या अंगावर कोण आहे ते नंतर बघा. आधी खुर्चीवर कोण बसलंय ते बघा, आणि त्यांना उठवायचंच असेल तर आपली ऑर्डर हातात पडल्यावर उठवा.