सहा नंबरची ट्यूब

अकरा नंबरच्या डब्यात दोन कोळी होते.

आदल्या संध्याकाळी मीच मोजले होते. एका डब्यात एक, झाकणाला रबर, खोलीला कुलूप आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. सकाळी बघते तर दोन. शेजारी शेजारी, सारख्याच मापाचे, सारखेच गप्प.

नोकरीचा तिसरा दिवस होता. त्यानंतर असं काही ना काही होतच राहिलं. आळे गावी, घरी जेवताना सांगायला घेतलं की आई म्हणते, “ताटावर नको.” मैत्रिणींना सांगावं तर त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसतात आणि विषय बदलतात. त्यामुळे सगळं साठलंय. आता एकदाच सांगून टाकते.

तर दोन कोळी. मी सरांना हाक मारली. हळूच, कारण आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. कोळ्यांना कान नसतात, पण पायांवरच्या केसांना आवाज कळतो. आपण बोललेलं त्यांच्या पायांना कळतं, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

सर डब्यावर वाकले. “कात टाकलीय. एक नुसतं साल आहे. पाय, केस, दात, सगळं जसंच्या तसं. ओळख बघू, कात कुठली?”

मी नीट बघितलं. डावीकडची अगदीच निर्जीव वाटत होती. मी तिच्याकडे बोट केलं.

ती बोटाच्या दिशेने वळली.

*

आमची लॅब म्हणजे खोडदजवळच्या एका शेतातल्या घराच्या दोन खोल्या. एकीत टेबल, फ्रीज, मायक्रोस्कोप. दुसरीत फळ्यांवर चाळीस डबे आणि प्रत्येकात तळहाताएवढा केसाळ कोळी. सर पुण्याहून येऊन त्यांच्या विषावर काम करतात. कोळ्याच्या विषाच्या एका थेंबात शेकडो वेगवेगळे पदार्थ असतात, आणि प्रत्येकाचं शरीरातलं गिऱ्हाईक वेगळं. एखादा पदार्थ फक्त अळीला लुळं करतो, मधमाशीला हातही लावत नाही. त्यातून टोमॅटोसाठी फवारा बनू शकेल. एखादा दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही. त्यातून कधीतरी औषध बनेल. “कधीतरी म्हणजे कधी?” असं मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “तुझे केस पांढरे होईपर्यंत वाट बघ.”

एका दुपारी फोनला रेंज मिळेना म्हणून मी बांधावर गेले. तिथून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या, आकाशाकडे लावलेल्या अवाढव्य तबकड्या दिसतात. फोन कानाला लावून उभी होते, आणि सगळ्या तबकड्या एकदम वळायला लागल्या. सावकाश. कसलाही आवाज नाही. वळल्या आणि माझ्या डोक्याच्या मागे कुठेतरी बघत थांबल्या.

साहजिकच मी मागे बघितलं.

माझ्यापासून हातभर अंतरावर एक बाई उभी होती. माझ्या हातातून फोन पडला.

“घाबरती कशाला?” ती म्हणाली. “त्या काय तुला बघत न्हाईत. लई लांबचं बघत्यात.”

या हिराकाकू, आमच्या घरमालकीण. लॅबला लागूनच राहतात, एकट्या. मुलगा चाकणला कंपनीत, मालक वारलेले. त्यांनी पदर अंगावर घेतला नव्हता, लाकडी चिमट्याने खांद्यापाशी वर अडकवून ठेवला होता. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी डाव्या बरगडीवर नागीण उठली होती. पुरळ गेलं, दुखणं राहिलं. “पदराचं सूत जरी लागलं ना पोरी, तरी इस्तू ठेवल्यावानी व्हतं.” नारायणगावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्यांना नुसती चक्कर यायची. एसटीत बसणं बंद, लग्नाला जाणं बंद. देवळात गर्दी असेल तर लांबूनच हात जोडायचे.

आणि सरांना कुणालाही समजावून सांगायची हौस. चहा पिता पिता त्यांनी काकूंना ते दुखण्याच्या निरोपाचं सांगून ठेवलं होतं.

तेव्हापासून काकू रोज विचारायच्या. “एक थेंब द्या की सायेब.”

सर रोज नाही म्हणायचे. “माणसात अजून कुणी दिलेलं नाही काकू. किती चालतं, किती नाही, कुणालाच माहीत नाही.”

“मग मला देऊन बघा. तुमचं बी काम व्हईल.”

*

कोळी आणून देतात गेनूभाऊ. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले, घरी भात आणि नाचणी. परवानगीच्या कागदाची घडी छातीच्या खिशात ठेवून फिरतात. बिळाच्या तोंडाशी गवताची काडी हलकेच फिरवायची आणि थांबायचं, एवढंच त्यांचं तंत्र. मी एकदा विचारलं, काडी आत घालून हुसकत का नाही? “दुसऱ्याच्या घरात काठी घालू न्हाई. बाहेरनं वाजवावं. यायचं त्ये येतं.”

स्टीलच्या पुडाच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून ते एसटीने माल आणतात. एकदा शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, “पावणं, डब्यात काय? मटण का?”

“न्हाई. अजून चालतंय.”

तो माणूस हसला. मग डब्यातून नखाने पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला. त्याने डब्याकडे बघितलं, गेनूभाऊंकडे बघितलं, उठला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला.

“नारायणगावपतुर लई ऐसपैस आलो,” गेनूभाऊ म्हणाले.

विष काढण्याला ‘धार काढणं’ हा शब्दही त्यांचाच. कोळी फ्रीजमध्ये गार करून गुंगवायचा, हलका करंट द्यायचा, की दाताच्या टोकाशी थेंब येतो. तो बारीक काचेच्या नळीत घ्यायचा. मला वाटलं होतं हिरवं काहीतरी असेल. अगदी पाण्यासारखं असतं. वासही नाही. मीठ-पाण्याची ट्यूब आणि विषाची ट्यूब शेजारी ठेवली तर सरांनाही ओळखता येत नाही.

*

सर पुण्याला गेले होते तो दिवस. जेवून परत आले तर कोळ्यांच्या खोलीचं दार लोटलेलं. मी कुलूप लावून गेले होते. दुसरी किल्ली फक्त काकूंकडे.

आत काकू जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. पदर खाली. डाव्या बरगडीवर, नागिणीच्या डागाच्या बरोबर वर, एक मोठी मादी बसली होती.

मी दारातून पुढे झाले. काकू ओठ न हलवता म्हणाल्या, “हलू नको. जाईल ती.”

“काकू, काय करताय?”

“कवाची बसवलीय. चावंनाच मेली.”

मी पुठ्ठा आणि डबा घेऊन गुडघ्यांवर बसले. घाईत पुठ्ठा त्यांच्या अंगाला लागला आणि काकू कळवळल्या. कोळी मात्र शांतपणे उतरून डब्यात गेला. मी झाकण लावलं, रबर लावलं, आणखी एक रबर लावलं.

काकू डब्याकडे बघत होत्या. “तुझा पुट्टा लागला तर जीव गेला माझा,” त्या म्हणाल्या. “आन हिचे आठ पाय लागत व्हते, तर कायच वाटत नव्हतं.”

मी डबा फळीवर ठेवला.

“परत नाही ना करणार?”

“मग काय करू ते तरी सांग. सायबांना सांगू नको. पर मी बसवणार.”

*

त्याच आठवड्यात अळ्यांची टेस्ट लागली. टोमॅटो पोखरणाऱ्या अळ्या, आठ ट्रे, आठ ट्यूब. काही ट्यूबमध्ये वेगवेगळ्या कोळ्यांच्या विषातला एकेक भाग, काहींत नुसतं मीठ-पाणी. कशात काय, ते फक्त सरांच्या ड्रॉवरमधल्या बंद पाकिटात. निरीक्षण लिहिणाऱ्याला आधी कळलं तर त्याला हवं तेच दिसतं, म्हणून ही पद्धत.

तीन नंबरच्या अळ्या तासाभरात लोळागोळा झाल्या. सातच्याही. सहा नंबरच्या अळ्या मात्र दोन दिवस पानं कुरतडत होत्या. जाड झाल्या, एकीने कातही टाकली. पाकिटाची गरज काय? सहा नंबर म्हणजे पाणी, हे कुणालाही कळलं असतं.

सर नसताना काकू कोळ्यांच्या खोलीच्या दाराशी आल्या तेव्हा त्यांनी पदराचा चिमटाही काढून ठेवला होता. किल्ली हातात होती. “व्हय बाजूला,” एवढंच म्हणाल्या.

मी फ्रीजमधून सहा नंबरची ट्यूब काढली. अर्धी उरली होती.

“हे घ्या. औषधच आहे. पण रात्री झोपताना फक्त वरून चोळायचं. आणि त्या खोलीत परत जायचं नाही.”

काकूंनी ट्यूब उजेडात धरली. “चोळून काय व्हतंय? मालकांना साखर व्हती. नऊ वर्सं रोज म्या सुई दिली त्यांना. अजून पडल्यात घरात सुया.”

“नाही काकू. फक्त चोळायचं.”

“बरं.”

त्यांनी ट्यूब पदराच्या गाठीत बांधली आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला फार हलकं वाटलं. मीठ-पाणी चोळलं काय आणि टोचलं काय, कुणाचं काही बिघडत नाही. त्यांच्या मनाला बरं वाटेल आणि कोळी डब्यात राहतील.

*

दोन दिवसांनी, सकाळी दहाला, सरांनी पाकीट फोडलं. मी एकेक नंबर वाचत होते, ते कागदावर बघून सांगत होते. एक, पाणी. दोन, पाणी. तीन, विष.

“सहा,” मी म्हणाले. “अळ्या ठणठणीत.”

सरांनी कागद जवळ धरून परत वाचला. मग मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्याने हसताना ऐकलं. “हे विष आहे. कळतंय का तुला? अळीला ते काहीच करत नाही. म्हणजे ते किड्यांसाठी नाहीच. आपल्यासारख्या गरम रक्ताच्यांच्या नसा शोधतं. हेच शोधत होतो आपण. आण, उरलेली ट्यूब आण.”

मी उठले नाही.

सरांनी मान वर केली. मी सांगितलं. बरगडीवरच्या कोळ्याचं, ट्यूबचं, सुयांचं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अर्धी ट्यूब?”

“हो.”

“चोळलं असेल तर काही नाही. कातडीतून आत जात नाही ते. सुईने घेतलं असेल तर,” ते म्हणाले, आणि त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

मी पळतच काकूंच्या दाराशी गेले. बाहेरून कुलूप. पायरीवर त्यांच्या चपला, नीट जोडीने. हाक मारली. खिडकीतून बघितलं. आत अंथरूण गुंडाळलेलं. फोन लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. परत लावला. आत घरात काही वाजलं नाही.

गेनूभाऊ डबे घेऊन येत होते. मी चपलांकडे बोट केलं.

“आज संकष्टी हाय,” ते म्हणाले. “अनवाणी जायची ती ओझरच्या गणपतीला. पर दोन वर्सं गेली न्हाई. गर्दीत अंगाला अंग लागतं ना.”

सरांनी गाडी काढली. गेनूभाऊ मागे बसले, मांडीवर डबे घेऊन. मी पुढे. नारायणगाव येईपर्यंत पाच वेळा फोन लावला. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता’ ऐकून ऐकून मी ते तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले. सर एकदाच म्हणाले, “श्वास आधी अडकतो. बोलताना धाप लागतेय का ते ऐक.”

सहाव्यांदा लावला. वाजत राहिला. मग रिंग तुटली आणि एकदम घंटा, माणसं, कुणाचं तरी रडणारं पोर, सगळं कानात शिरलं.

“काकू? काकू, मी बोलतेय. कुठे आहात?”

“रांगंत,” काकू म्हणाल्या. धाप नव्हती. आवाज पोरीसारखा लागत होता. “लई दाबत्यात गं लोकं. चहूबाजूंनी नुसतं दाबत्यात.” आणि त्या हसल्या. “दाबू दे. पोरी, ते औषध तेवढंच व्हतं का गं? अजून हाय?”