फुटकी पायली

दौलतभाऊ कुठलीही गोष्ट दोनदा मोजत. चहाचे कप, बैठकीला आलेली माणसं, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा. तुमसरच्या धानबाजारात त्यांनी उमेदीची वर्षं मापारी म्हणून काढली होती. पायलीने धान मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि तिथून पुढे चालायचे. रास मोजून झाली की समोरच्याने नको म्हटलं तरी परत मोजत. “एकदा मोजलं ते आयकलेलं,” ते म्हणत, “दोनदा मोजलं ते मोजलेलं.”

पाठीने दगा दिला तेव्हा धानाच्या जुन्या वाणांची नोंद ठेवणाऱ्या इथल्या एका लहानशा संस्थेने त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं. आंबागड, नाकाडोंगरीकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडे जाऊन ते वहीत लिहून आणत: लुचई कोणाकडे आहे, हिरानक्की कोणाच्या शेतातल्या बांधीत, किती दिवसांत निसवून लोंबी धरते. मग दोन बोटांनी टाइप करत. हे काम मिळाल्यापासून ते इस्त्रीचा शर्ट घालू लागले होते. त्या जुन्या कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडे होती. माझं दुकान, माझा डिप्लोमा आणि माझी घमेंड, तिन्ही तेव्हा नवीन होती.

एका पावसाळ्यात नोंदी बिघडू लागल्या. चांगल्या नावांमध्ये चौकोन आणि फुल्या दिसायच्या, काही फायली तर उघडायच्याच नाहीत. मी डिस्क बदलली. महिन्याभरात नवीचीही तीच गत. मग मी कारण शोधलं, म्हणजे हाताला आलं ते उचललं. दौलतभाऊ संध्याकाळी वीज पडेल या भीतीने कॉम्प्युटरची वायर बोर्डातून काढून ठेवत; त्यानेच डिस्क जाते, असं मी त्यांना सांगितलं.

“मी तं पयले बंद करतो, मंग वायर काढतो, बाबू,” ते म्हणाले. “आन् एक पाहा. एकच फाईल सकाळी उघडली तं एक दाखवते, दुपारी दुसरंच. डिस्क खराब असती तं दोन्ही खेपेले सारखंच खराब दिसलं असतं ना? पायली फुटकी असन तं धानावर काहून रागावता?”

मी हसलो. मापाऱ्याने मला माझा धंदा शिकवावा? तीच फाईल दोनदा उघडून पाहायला पाच मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत. उलट संस्थेच्या सचिवबाईंसमोर, चार माणसांत म्हणालो, “मशीन ठीक आहे, मॅडम. हात लावणारा बदला.”

दौलतभाऊ उठले. चष्मा काढून डबीत ठेवला, आपल्या वह्या दोनदा मोजून टेबलावर ठेवल्या आणि घरी गेले, ते परत आले नाहीत. ज्यांच्या मापावर बाजारात कधी कोणी शंका घेतली नव्हती, त्यांच्या हातात खोट आहे, हे गावभर झालं. ते माझ्या तोंडून झालं.

दिवाळीनंतर नव्या ऑपरेटरच्या नोंदीही बिघडल्या. तेव्हा मी आधी काढून ठेवलेली पहिली ‘खराब’ डिस्क माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली. दौलतभाऊंच्या नोंदी एकेक करून उघडत गेल्या. लुचई लुचईच होती, हिरानक्की हिरानक्कीच. पुन्हा उघडून पाहिल्या, तशाच. खोट डिस्कमध्ये नव्हती आणि टाइप करणाऱ्यातही नव्हती. डिस्क आणि मशीन यांच्यात माहितीची ने-आण करणारं कंट्रोलरचं कार्ड वाटेतच सांडत होतं. तळहाताएवढं कार्ड. त्यांनी सांगितलेली पायली.

मी कार्ड बदललं आणि संस्थेत म्हणालो, “झालं ठीक.” काय बिघडलं होतं ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पहिली चूक अडाणीपणाची होती. ही समजून-उमजून केलेली, आणि हिची मला जास्त लाज वाटते.

दोन महिन्यांनी ते कार्ड घेऊन आंबागडला त्यांच्या घरी गेलो. दौलतभाऊ अंगणात सुपात तूर निवडत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

“दोनदा उघडून पायलं?”

“हो.”

“मंग बरोबर आहे.”

घरातून चहा आला. कपातला अर्धा चहा संपल्यावर ते म्हणाले, “पण मले कायले सांगून राहिला, बाबू? मले तं मालूमच होतं. तिथं सांगतलं का?”

“सांगतो,” मी म्हणालो. त्यांनी कार्ड परत दिलं आणि पुन्हा तुरीला लागले.

पुढची बैठक होऊ दे, बाई जरा मोकळ्या असू देत, असं करत करत मी उन्हाळा आणला. मला कोणी अडवलं नव्हतं. दुकानाचं नाव खराब होईल, एवढीच भीती होती. त्यांचं नाव मी आधीच खराब केलं होतं. चैत्रात दौलतभाऊ वारले.

संस्थेत शोकसभा झाली. मी उभा राहिलो आणि वायरपासून कार्डापर्यंत सगळं सांगितलं. मग सचिवबाईंनी विचारलं, “हे त्यांना तरी कळलं होतं का?”

“हो,” मी म्हणालो. “फक्त त्यांनाच सांगितलं होतं.”