पायाची करंगळी

गायकवाड सरांकडे चित्र बघायला गेलं की आधी हात धुवावे लागत. सापगावच्या त्यांच्या ओट्यावर बालदी, साबण आणि पंचा ठेवलेलाच असे. मग ते पत्र्याच्या पेटीतून जपानी लाकडी ठशाचं एक चित्र काढत. पाठभर गोंदलेला, दातांत तलवार धरून पाण्यातली जाळी तोडणारा वीर. "कथा चीनची, चित्र जपानचं, बिऱ्हाड सापगावात," असं म्हणायचे. हा कुठला देव, असं कुणी विचारलं तर म्हणत, "देव नाय. जुलमाला कंटाळून उठलेला मानूस हाय."

शहापूरच्या शाळेत आम्ही दोघं चित्रकला शिकवायचो. सर आधी मुंबईला छापखान्यात होते. तिथल्या म्हाताऱ्या मालकाने ते चित्र त्यांना दिलेलं. ठसा कोरायला त्यांनीच मला शिकवलं. पातळ कागदावर नक्कल काढायची, ती फळीवर पालथी चिकटवायची आणि कागदासकट कोरायचं. कागद जातो, रेघ राहते. त्यांच्या प्रत्येक नकलेत वीराच्या पायाची करंगळी मुद्दाम गाळलेली असे. "नक्कल हाय ते नकलेनंच सांगावं, बाई."

एका पावसाळ्यात तालुक्याच्या प्रदर्शनासाठी त्यांनी मला नक्कल दिली आणि बारकावे बघायला मूळ चित्रही घरी नेऊ दिलं. माझी चिकटवायची खळ पातळ झाली, नकलेचा लगदा झाला. दोनच दिवस उरले होते आणि दुसरी नक्कल मागायची लाज वाटली. मी मूळ चित्रच चिकटवलं. हलक्या हाताने लावलं तर नंतर सोडवता येईल, अशी मनाची समजूत घातली. पहिली रेघ कोरल्यावर थांबण्यात काही अर्थच उरला नाही.

सरांना सांगितलं, मूळ चित्र ओलीने गेलं. ते म्हणाले, "पावसात दिलं, चूक माजीच."

प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. सर ठशावरून बोट फिरवत पायापर्यंत आले आणि थांबले. पाचही बोटं होती.

"पाय बेस उतरलाय, बाई," एवढंच म्हणाले.

पुढे सात-आठ वर्षं आम्ही शेजारी बसून डबे खाल्ले. मला सांगण्याची हिंमत झाली नाही, त्यांनी विचारलं नाही.

सर वारल्यावर मी त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेले, तेव्हा ओट्यावर बालदी होतीच. सवयीने मी हात धुवू लागले. काकू दारातून म्हणाल्या, "हात कशाला धुताय, बाई? चित्र तं ओलीनं गेलं ना. हे शेवटपर्यंत सगल्यांना तेच सांगत."

निदान तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. मी पंच्याला हात पुसले आणि आत जाऊन बसले.