एकटीचा खेळ

घाटनांदूरच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. चाळिशीची ऊसतोड बाई, तळहातांना घट्टे. बस सुटताच तिनं पिशवीतून हातात मावणारा नवाकोरा व्हिडिओ गेम काढला आणि आधी तोलून पाहिला.

"कोयत्यापेक्षा हलकं हाय," ती म्हणाली.

राठ अंगठ्याला बारकी बटणं कळेनात, म्हणून ती नखानं दाबू लागली. पडद्यावरचा माणूस सारखा खड्ड्यात पडायचा. ती ओठ आवळून त्याला पुन्हा उभा करायची.

पुढच्या बाकावरचे कडक इस्त्रीवाले गृहस्थ वळले. "नातवाला घेतलं का, मावशी?"

"न्हाई. मलाच."

"ह्या वयात? नवऱ्याला इचारलं का?"

तिनं मान वर केली नाही. "ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजत्यात, दादा. वीस वर्सं मी अर्धीच व्हते. ह्यो खेळ एकटीचा हाय."

लग्नानंतर मी एकटीनं काही खेळल्याचं मला आठवेना.

गृहस्थांनी मान वाकवून पडद्याकडं पाहिलं. मग "बघू तरी," म्हणत त्यांनी हात पुढं केला. तिनं त्या हाताकडं पाहिलं, पडलेला माणूस परत उभा केला आणि ती म्हणाली, "थांबा. माझं खेळून व्हायचंय अजून."