कमेंट आरमोरीत, भीती भामरागडात

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. खून, दरोडे, चकमकी सगळं पाहिलं, पण मनात सलत राहिली आहे ती एका कमेंटची घटना.

तेव्हा मी आरमोरीला ठाणेदार होतो. पावसाळा भरात होता, धानाची रोवणी चालली होती. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच एक वयस्क शेतकरी आत आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. धानाच्या बांधीतून तसाच उठून आलेला दिसत होता.

"साहेब, माह्या पोराले वाचवा," म्हणाला. "त्यानं काईच केलं नाई जी."

पाणी पाजलं, बसवलं. मग हकीकत कळली. त्याचा मुलगा भामरागडकडच्या एका गावात किराणा दुकान चालवायचा. आठवड्यापूर्वी त्या भागात नक्षलवाद्यांनी जंगलात पुरून ठेवलेली स्फोटकं पोलिसांना सापडली होती. बातम्यांच्या एका स्थानिक ऑनलाइन पानावर ती बातमी आली आणि तिच्याखाली कोणीतरी खोट्या नावानं लिहिलं, 'टिप देणारा किराणावाला खबरी आहे. पोलिसांच्या पैशाची नवी लाल गाडी उडवत फिरते.' बातमीत गावाचं नाव होतंच, आणि त्या गावात किराणा दुकान एकच होतं. नाव लिहायची गरजच नव्हती.

"फोनवर रडत होता साहेब. दुकानात कोणी मीठ घ्यालेबी येऊन नाई राह्यलं."

शहरात कोणी कोणाला खबरी म्हटलं तर भांडण होईल, फार तर कॉलर धरतील. मी भामरागडच्या भागात नोकरी केलेली होती. खबरी ठरवलेल्या माणसाचं प्रेत रस्त्यावरून मी स्वतः उचललेलं आहे. तो माणूसही खबरी नव्हता.

अडचण अशी की, 'हा आमचा माणूस नाही' असं पोलिसांनी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, वाचवायला आलेच. संरक्षणाला शिपाई पाठवला असता तर आरोपावर शिक्काच बसला असता. बरं, मुलाला म्हणावं निघून ये, तर पुलावरून पाणी, रस्ता बंद.

कायद्याचं बोलायचं तर मानहानी हा अदखलपात्र गुन्हा. ठाण्यात नोंद होते, पुढं फिर्यादीला न्यायालयात जावं लागतं. पण इथं जिवाला धोका होता. मी म्हाताऱ्याचा अर्ज घेतला आणि आधी पंचांसमक्ष त्या पानाचे स्क्रीनशॉट काढून घेतले. पुष्कळ लोक रागाच्या भरात कमेंट पुसायला लावतात आणि मग पुरावा शोधत बसतात.

पान चालवणारा आरमोरीतलाच. त्याला बोलावलं.

"साहेब, बातमी माही हाये. खाली कोणी काय लिवते त्याले मी काऊन जबाबदार?"

"लिहिलं त्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. पण हे खोटं आहे, माणूस मरू शकतो, हे मी तुला आता लेखी कळवतोय. यानंतर ते तिथं राहिलं तर उत्तर तुलाही द्यावं लागेल."

त्यानं माझ्यासमोरच कमेंट काढली. खातं कोणाचं ते सायबर शाखेकडे विचारलं, पण तिथून उत्तर यायला वेळ लागणार होता. मी ती दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत बसलो. लाल गाडी माझ्या डोक्यातून जाईना.

"बाबा, मुलाकडे नवी गाडी आहे?"

"हाये ना. मीच घेतली त्याच्यासाठी. माह्याच आंगनात उभी हाये. पानी उतरलं का पोरगा येईन, पूजा करन, मंग नेईन. अजून कोणी किक नाई मारली."

म्हणजे भामरागडात ती गाडी कोणी पाहिलेलीच नव्हती. लिहिणारा तिथला नव्हताच.

"अंगणात कोणी कोणी पाहिली?"

म्हातारा बोटांवर मोजत शेजाऱ्यांची नावं घेऊ लागला आणि मध्येच थांबला. चेहरा उतरला. "जावईबापूनं मांगतली होती, एका लग्नाले जाले. मी म्हटलं, पूजा नाई झाली, पोरगा आला का त्यालेच विचारा." मग हात जोडून उठला. "राहू द्या साहेब. मले तक्रार नाई करायची."

आमच्या भागात जावयाचा मान किती जपतात ते मला माहीत होतं. सासरा वयानं मोठा असून त्याच्या पाया पडतो. त्या जावयाला पोलीस ठाण्यात बोलवायचं म्हणजे मुलीच्या संसारात निखारा टाकणं. तरीही मी कठोर झालो. "बाबा, जावयाचा मान राखायचा की मुलाचा जीव?"

तो पुन्हा खाली बसला. "बोलवा," एवढंच म्हणाला.

जावई शिकलेला, इस्त्रीच्या कपड्यातला. मी कमेंटचा विषयच काढला नाही. त्याच्या कामाधंद्याबद्दल विचारलं, मग सहज म्हटलं, "मेहुण्याच्या गाडीचा रंग कोणता हो?" तो गडबडला. माणूस खोटं बोलण्याची तयारी मोठ्या प्रश्नांसाठी करून येतो, लहान प्रश्नात अडकतो. स्क्रीनशॉट समोर ठेवला तेव्हा त्यानं कबूल केलं.

"गाडी नाई देल्ली म्हनून राग आला होता साहेब. गंमत म्हनून लिवलं. तिकडं जंगलात कोन वाचते?"

"टॉवर झालाय तिथं. सगळे वाचतात."

त्यानं त्याच पानावर स्वतःच्या नावानं लिहिलं की हे खोटं आहे, घरच्या रागातून लिहिलं. पोलिसांना जे बोलता येत नव्हतं ते खोटं बोलणाऱ्यालाच बोलता येत होतं. पण बदनामी बिनबोलावल्या पाहुण्यासारखी घरोघरी गेली होती, माफी मात्र कोणी वाचली नाही. पाणी उतरल्यावर मुलानं दुकानाला कुलूप लावलं आणि जीव वाचवून घरी आला. आल्यावर त्यानं जावयाविरुद्ध न्यायालयात मानहानीची फिर्याद टाकली. तो त्याचा हक्कच होता.

कायदा लिहिणाऱ्याला शोधतो, जबाबदार धरतो, शिक्षाही करतो. पण लोकांच्या मनात बसलेला शब्द त्याला काढता येत नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. ते शिकताना मला वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

पोळ्यानंतर म्हातारा बाजारात भेटला. मुलगा बरा आहे म्हणाला. मी मुलीचं विचारलं.

"ते येत नाई आता साहेब. नवऱ्यावर केस टाकनाऱ्याच्या घरी कशी येईन म्हन्ते. दोन्ही लेकरं जित्ती हायेत, पन एका आंगनात दिसत नाईत." मग माझा हात धरून विचारलं, "मी चुकलो का जी?"

मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. तरी म्हातारा भर बाजारात रडला, आणि मला त्याच्याकडे पाहवलं नाही.