झाडाला केलेला आग्रह

मल्लेश्वरमच्या आमच्या गॅलरीत नातीने एक कुंडी आणून ठेवली. आत माती कमी, वाळू आणि खडीच जास्त. मधोमध बारीक लांब पानांचं रोप, आणि पानापानावर भर दुपारीही दव.

"दव नाही आजी, चिकटा आहे तो. चिलट बसलं की अडकतं, मग हे त्याला पचवतं."

वास घेतला, तर चक्क मधाचा.

"याच्या भाऊबंदांना पाय ओले लागतात, याला मात्र कोरडी जमीन. पाणी स्वल्प घाल. आणि खायला काही देऊ नकोस, ते आपलं आपण बघतं." पेरलेल्या बियांतून तिचं हे एकच रोप जगलं होतं. ऑफिसच्या कामाला ती पुण्याला निघाली होती. परत येईपर्यंत ते जगवायचं माझ्याकडे.

मी, आणि आग्रह करायचा नाही! चामराजपेटेत नवी नवरी होते तेव्हा पंगतीत माझी दहशत होती. पाहुणे कानडीत "साकु अक्का, साकु" म्हणत ताटावर हात आडवा धरायचे, आणि ती बावळट पोर, म्हणजे मीच, त्यांच्या बोटांवरून आमटी ओतायची. एकदा यांच्या साहेबांची बोटं भाजली, तरी ही विचारतेय, "भात वाढू?" स्वतःला अन्नपूर्णा समजायची बया.

नात गेली आणि ती बया परत आली. केळ्यांवर चिलटं घोंघावत होती, झाडावर एकही नाही. उपाशी मरेल बिचारं, म्हणून मी एक गलेलठ्ठ माशी मारून चिमट्याने पानावर वाढली. पान काळं पडून कुजलं. काळं शेजारच्या पानाकडे सरकायला लागलं, तेव्हा मला घास गोड लागेना.

कुजकं पान कापून टाकलं. मग रोज कॉफी घेऊन कुंडीसमोर नुसती बसायची, दुसरा हात पदराखाली आवरून. पाहते तर नवं पान बाहेरच्या बाजूला गुंडाळलेलं. नेच्याची पानं आत वळतात, याचं सगळं उलटंच. एका सकाळी एक चिलट आपल्या पायांनी आलं, बसलं, उठायला गेलं आणि आणखीच रुतलं. कॉफी गार झाली.

नात आली. आधी कुंडी पाहिली, मग मला.

"एक पान कमी आहे."

"स्वल्प आग्रह झाला."

"वाटलंच होतं. बाकीचं जगवलंस ना, सरी, चालेल."

जेवताना तिने ताटावर हात आडवा धरला. मी डाव मागे घेतला. फार जड गेलं. थोड्या वेळाने तिनेच वाटी पुढे सरकवली.

"आमटी उरलीय का गं?"