पाचवीचा इतिहास

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नव्या वर्षाचं टाइमटेबल लावत बसले होते. तिचा मुलगा निखिल बंगळुरूहून बोलत होता. सकाळी ती स्वयंपाकघरात कोसळली, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी आधी विचारलं, "बाबांजवळ कोण आहे?" मग तिच्या पहिलीच्या वर्गावर दुसरी शिक्षिका पाठवली आणि निघाले. रडणं मला चटकन जमत नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

दिल्लीतली सरकारी क्वार्टर्स सोडून आम्ही दोघी नोएडात साधारण एकाच सुमारास आलो. तेव्हा सेक्टरांना नुसते आकडे होते. रस्त्याच्या कडेला वाळूचे ढीग, अर्धवट इमारती आणि वीज गेली की जनरेटरांचा कलकलाट. शाळाही नवीकोरी. शिक्षकांत मराठी आम्ही दोघीच. मला प्रायमरीची कोऑर्डिनेटर केलं, शैला पाचवीला इतिहास शिकवायची. तिची एक पद्धत होती. पुस्तक उघडायच्या आधी दहा मिनिटं ती कुठल्याही गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारायची, इसके पहले क्या था? घरात कूलर आला, त्याच्या आधी काय होतं? मारुती आली, त्याच्या आधी पापा कशावर जायचे? पोरं घरी जाऊन आजी-आजोबांना भंडावून सोडायची. एकदा रिचा नावाच्या मुलीने विचारलं, मॅम, स्कूल के पहले यहाँ क्या था? शैलाला ठाऊक नव्हतं. ती सरळ गेटवर गेली आणि चौकीदार हरपालजींना वर्गात घेऊन आली. शाळा उभी होती ती जमीन पूर्वी त्यांचीच होती. त्यांना खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत. फळ्याकडे बोट करून म्हणाले, "जहाँ ये बोर्ड है ना, यहाँ हमारा ट्यूबवेल था." पोरं उठून फळ्याखालची फरशी बघायला लागली...

दुसऱ्या दिवशी रिचाचे वडील हजर. ते प्रॉपर्टीच्या धंद्यात होते. "मैडम, फीस हम आपको देते हैं और हिस्ट्री चौकीदार पढ़ाएगा?" मी समजूत घालून पाठवलं. हरपालजींना मागच्या गेटवर हलवण्यात आलं. विषय तिथेच मिटला असता, पण सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला : शेती सुरू झाल्यावर माणसाच्या जीवनात काय बदल झाला? रिचाने लिहिलं की माणूस एका जागी राहू लागला. हरपाल अंकलही एका जागी राहिले, आता ते आपल्याच शेतावर पहारा देतात. शैलाने पाचपैकी पाच दिले.

उत्तरपत्रिका पुन्हा तपासायचं काम माझं. मी तिला बोलावलं.

"उत्तर चुकलंय का?" तिने विचारलं.

"आन्सर-कीमध्ये नाहीये."

"मी ते नाही विचारलं, मीना."

मी पाचाचे दोन केले. गोष्ट प्रिन्सिपलपर्यंत गेली; त्यांनी पुढच्या वर्षापासून तिला पहिलीच्या सुलेखनावर टाकायला सांगितलं, तर तेही मीच टाइमटेबलमध्ये बसवलं. ती सोडून जाणार नाही हे मला माहीत होतं. तिच्या यजमानांना, वसंतरावांना, अर्धांगवायू झाला होता. घर शाळेपासून दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. रोज मधल्या सुट्टीत ती धावत घरी जायची, त्यांची कूस बदलायची, पाणी पाजायची आणि घंटेच्या आत परत यायची. दुसरी कुठलीही शाळा असं जाऊ देणार नव्हती. ही सवलत मीच तिला दिली होती, आणि ती काढून घेणंही माझ्याच हातात होतं. मी तसं बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. नवं टाइमटेबल हातात घेऊन तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि एवढंच विचारलं, "मधल्या सुट्टीचं तसंच राहील ना?"

त्यानंतर दहा वर्षं तिने पहिलीच्या मुलांची अक्षरं वळवली. माझ्याशी कधी भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. उलट चतुर्थीला माझ्यासाठी डब्यात साबुदाण्याची खिचडी असायची. रोज दहा वीसला मागच्या गेटने घाईघाईने जाणारी तिची पाठ माझ्या खिडकीतून दिसायची. नंतर नंतर मी त्या वेळी टेबलावरच्या कागदांत डोकं घालू लागले. मध्यंतरी प्रिन्सिपल बदलले. तेव्हा तिला पाचवी परत देता आली असती. मी शब्द टाकला नाही... घडी नीट बसली होती, ती कशाला मोडा, असं मी स्वतःला सांगितलं. एकदाच, सहलीच्या बसची वाट बघत उभ्या होतो तेव्हा, तिने सहज विचारावं तसं विचारलं होतं, पाचवीचा इतिहास यंदा कुणाकडे आहे? मी नाव सांगितलं. "अच्छा," म्हणाली, आणि हवेचं काहीतरी बोलू लागली.

गेल्या रविवारी निखिलने घर आवरायला बोलावलं. वसंतरावांना तो बंगळुरूला नेतोय. ते खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होते. त्यांच्या पलंगाखालच्या पेटीत खाकी कव्हर घातलेल्या वह्या निघाल्या. आमच्याकडे शिक्षिकेने आठवड्याचे पाठ डायरीत लिहून दर सोमवारी कोऑर्डिनेटरच्या सहीसाठी आणायचे असतात. तशा अकरा डायऱ्या. प्रत्येकीवर शैलाच्या अक्षरात नवं वर्ष, खाली ‘इयत्ता पाचवी, इतिहास’. बदललेल्या पुस्तकांचे नवे धडेसुद्धा तिने आठवडावार बसवले होते, आणि प्रत्येक धड्याच्या आधी दहा मिनिटांचा एक प्रश्न. अकरावी डायरी यंदाची, पहिले दोन आठवडे लिहिलेले. प्रत्येक पानाच्या तळाशी माझ्या सहीची जागा पट्टीने आखून मोकळी सोडलेली.

निखिल रद्दीचा गठ्ठा बांधत होता. "मावशी, या पण देऊ ना?"

"नको," म्हटलं. "तपासायच्या राहिल्यात."